ऑनलाइन खेळातला बग नीट कसा कळवावा : कोकणातल्या खेळाडूंसाठी सविस्तर मार्गदर्शन

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत ऑनलाइन खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर खेळात काहीतरी बिघडल्याची तक्रार आली की, तिचा शेवट बहुतेक वेळा "आपलं नेटच खराब" या वाक्यावर होतो. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु खेळ तयार करणारी मंडळी सहसा मोठ्या शहरातल्या कचेरीत, अखंड विजेवर आणि वेगवान जोडणीवर काम करतात. सामना चालू असताना लाईट गेली, राऊटर बंद पडला आणि फोन आपणहून मोबाइल डेटावर गेला, तर आपला खेळ कसा वागतो, हे त्यांना त्यांच्या टेबलावर फारसे दिसत नाही. आपल्याला ते जूनपासून सप्टेंबरपर्यंत वारंवार दिसते. म्हणून कोकणातल्या खेळाडूने नीट लिहिलेला रिपोर्ट ही त्यांच्यासाठी कामाची गोष्ट असते, आणि तो "नेट खराब" म्हणून सोडून देणे हे खेळाचे आणि आपले दोघांचेही नुकसान आहे.

रिपोर्ट चांगला झाला की नाही, याची माझ्या मते एकच कसोटी आहे. खेळ न खेळता नुसता रिपोर्ट वाचणाऱ्या, आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाला तोच बिघाड स्वतःच्या यंत्रावर घडवून आणता आला पाहिजे. समुद्रात पाण्याखाली कुठेतरी खडप आहे, एवढेच सांगितल्याने दुसऱ्या होडीचे जाळे वाचत नाही. किनाऱ्यावरच्या कोणत्या खुणा कुठे दिसत असताना, किती वाव पाण्यात आणि भरतीला की ओहोटीला, हे सांगावे लागते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका कसोटीसाठीच आहेत.

आधी ठरवावे : हा बग आहे का?

खेळाबद्दलच्या नाराजीचे चार प्रकार असतात आणि ते एकमेकांत मिसळले की रिपोर्ट बाजूला पडतो. खेळ ठरल्याप्रमाणे वागला नाही, तर तो बग. खेळ ठरल्याप्रमाणेच वागला, पण एखादी बंदूक किंवा पात्र फार भारी वाटते, ही समतोलाविषयीची तक्रार. खेळात अमुक सोय हवी, ही सूचना. आणि माहिती वेळेवर पोचली नाही, हा लॅग. यांपैकी बग आणि लॅग वेगळे करणे आपल्याकडे सर्वांत कठीण जाते, म्हणून तिथे थोडा वेळ द्यावा.

पहिली तपासणी सोपी आहे. खेळात सरावाची किंवा एकट्याने खेळण्याची सोय असेल, तर तीच कृती तिथे करून पाहावी. नेट न वापरताही बिघाड झाला, तर जोडणीचा प्रश्नच उरला नाही. दुसरी तपासणी म्हणजे पिंगचा आकडा, म्हणजे आपली माहिती खेळाच्या सर्व्हरपर्यंत (कंपनीच्या मुख्य संगणकापर्यंत) जाऊन परत यायला लागणारा वेळ. बहुतेक खेळांच्या सेटिंगमध्ये तो पडद्यावर दाखवण्याची सोय असते. बिघाडाच्या क्षणी तो स्थिर होता की एकदम वर गेला, हे पाहून ठेवावे. तिसरी तपासणी जागेची. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंतींतून वाय-फायचा जोर कमी होतो, त्यामुळे माजघरात अडखळणारा खेळ राऊटरशेजारी बसल्यावर सुरळीत चालला, तर दोष खेळाचा नाही. चौथी तपासणी वेळेची. गणपतीत चाकरमानी गावी आले की एकाच टॉवरवर किती तरी जास्त फोनांचा भार येतो. संध्याकाळी दिसलेला बिघाड पहाटे दिसत नसेल, तर आधी त्या गर्दीवर संशय घ्यावा.

संगणकावर खेळणाऱ्यांना आणखी एक साधन आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'ट्रेसर्ट' (tracert) ही आज्ञा सर्व्हरच्या पत्त्यासह दिली की, आपल्या घरापासून सर्व्हरपर्यंतचा एकेक टप्पा आणि तिथे लागलेला वेळ दिसतो. पहिला टप्पा म्हणजे आपला राऊटर. तिथेच आकडा मोठा असेल, तर अडचण घरात आहे. मधल्या एखाद्या टप्प्यावर आकड्याऐवजी फुल्या दिसल्या, तर लगेच तिथे बोट ठेवू नये, कारण काही यंत्रे अशा विचारणेला उत्तर देतच नाहीत. विलंब एका टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकला, तरच तो खरा.

एवढे करूनही बिघाड जोडणीशी निगडित आहे असेच निघाले, तरी रिपोर्ट रद्द करायचा नाही. जोडणी तुटली म्हणून सामना हरणे समजण्यासारखे आहे. परंतु जोडणी तुटली म्हणून आधीच जिंकलेले बक्षीस नाहीसे होणे, विकत घेतलेली वस्तू गायब होणे किंवा खेळ कायमचा 'कनेक्ट होत आहे' या पडद्यावर अडकून बसणे, हा खेळाचाच बग आहे.

आणखी एक पथ्य पाळावे. स्वतः पाहिलेलेच कळवावे. 'सिव्हिलायझेशन' या जुन्या संगणक खेळात गांधीजींचे पात्र अणुबॉम्बची भाषा करते, याचे कारण म्हणून एका आकड्याच्या चुकीची गोष्ट कित्येक वर्षे तपशिलासह सांगितली जात होती. खेळाचे निर्माते सिड मायर यांनी २०२० मध्ये, असा बग मुळात नव्हताच, असे स्पष्ट केले. ऐकीव बग असाच पक्का होत जातो.

बिघाड पुन्हा घडवून पाहावा

ही सर्वांत कष्टाची आणि सर्वांत मोलाची पायरी आहे. वर उल्लेख केलेलेच उदाहरण घेऊ. सामन्याच्या शेवटी शेवटी लाईट गेली, फोन मोबाइल डेटावर गेला, खेळ क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाला, सामना जिंकला. पण बक्षीस जमा झाले नाही. आता "लाईट गेली की बक्षीस मिळत नाही" असे लिहिले, तर वाचणाऱ्याने काय करावे? त्याची लाईट काही जात नाही. म्हणून घटनेतला नेमका कोणता भाग महत्त्वाचा आहे, ते आपणच शोधावे लागते.

लाईट जाण्यात खेळाच्या दृष्टीने दोन गोष्टी घडतात : जोडणी काही सेकंद तुटते, आणि नंतर ती वेगळ्या पत्त्यावरून पुन्हा जुळते, कारण वाय-फायचा आयपी पत्ता (नेटवरचा आपला क्रमांक) वेगळा आणि मोबाइल डेटाचा वेगळा. या दोन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहता येतात. पहिल्या प्रयोगात मोबाइल डेटा चालू ठेवून सामन्याच्या मध्यात वाय-फाय हाताने बंद करावे. यात पत्ता बदलतो. दुसऱ्या प्रयोगात मोबाइल डेटा आधीच बंद ठेवावा, वाय-फाय बंद करावे आणि साधारण तेवढ्याच वेळाने पुन्हा चालू करावे. यात जोडणी तुटते, पण राऊटर चालूच असल्याने पत्ता सहसा तोच राहतो. बक्षीस पहिल्या प्रयोगात जाते आणि दुसऱ्यात मिळते, असे आढळले, तर आपण डेव्हलपरला नुसती तक्रार देत नाही, शोध कुठे घ्यायचा ती जागाच दाखवून देतो : पत्ता बदलल्यावर सर्व्हर त्याच खेळाडूला नवा माणूस समजतो आहे काय, हे त्याने पाहायचे.

प्रत्येक प्रयोगात एकच गोष्ट बदलावी. फोन, खाते, सामन्याचा प्रकार, नकाशा हे सारे तेच ठेवावे. मग शक्य असेल तर दुसऱ्या गावातल्या मित्राला, दुसऱ्या कंपनीच्या फोनवर आणि दुसऱ्या सिमवर, नुसत्या लेखी सूचना वाचून तेच करून पाहायला सांगावे. तोंडी काही सांगू नये. तो जिथे अडून "इथे नेमकं काय करायचं?" असे विचारेल, तिथे आपल्या सूचनेत उणीव आहे. मालवणच्या खेळाडूने लिहिलेले दापोलीच्या खेळाडूला जमले, तर ते कुठेही जमेल, असे मानायला हरकत नाही.

किती वेळा करून किती वेळा बिघाड झाला, हा आकडा न चुकता नोंदवावा. दर वेळी न होणारा बगही कळवण्यासारखाच असतो. "दहापैकी तीनदा" हे वाचल्यावर डेव्हलपर पहिल्या फसलेल्या प्रयत्नानंतर हात टेकत नाही.

असे वेगळे काढून पाहण्याने किती मोठे काम होऊ शकते, याचे उदाहरण 'जीटीए ऑनलाइन'चे आहे. त्या खेळाचा सुरुवातीचा लोडिंग पडदा कित्येक मिनिटे हलत नसे आणि वर्षानुवर्षे लोक त्याबद्दल नुसतेच चिडत होते. २०२१ च्या फेब्रुवारी अखेरीस 'टोस्ट' या टोपणनावाच्या एका खेळाडूने आपले मोजमाप मांडले. त्याच्या संगणकावर एकट्याने खेळायचा भाग साधारण सव्वा मिनिटात उघडत होता, ऑनलाइन भागाला मात्र सुमारे ६ मिनिटे लागत होती. त्या काळात प्रोसेसरचा एकच भाग राबत होता आणि नेटचा वापर जवळजवळ शून्य होता. म्हणजे दोष जोडणीचा नव्हता. पुढे त्याने कारणही शोधून काढले : सुमारे ६३,००० वस्तूंची एक १० एमबीची यादी खेळ अतिशय वेळखाऊ पद्धतीने वाचत होता. रॉकस्टार कंपनीने शोध बरोबर असल्याचे मान्य केले, मार्च २०२१ मध्ये दुरुस्ती दिली आणि त्याला १०,००० डॉलरचे बक्षीसही दिले. त्याची तांत्रिक कामगिरी सर्वांना जमणारी नाही. परंतु तिची सुरुवात ज्या तुलनेने झाली, एकट्याच्या खेळाला किती वेळ लागतो आणि ऑनलाइनला किती, ती कोणीही घड्याळ लावून करू शकतो.

पूर्वीच कळवला गेला आहे का, ते पाहावे

येथे फार वेळ घालवू नये, पण ही पायरी टाळूही नये. खेळाचे बग जिथे नोंदवले जातात, तिथल्या जुन्या नोंदींमध्ये शोधताना बिघाडाचे कारण शोधू नये, पडद्यावर जे दिसते ते शोधावे. त्रुटीचा संदेश आला असेल, तर तो अक्षरशः तसाच टाकावा. जुनी नोंद सापडली, तर "मलाही" असे लिहिण्यापेक्षा मत देण्याचे बटण दाबावे. लिहायचे असेल तर नवे काहीतरी लिहावे : वेगळा फोन, वेगळी आवृत्ती किंवा बिघाड घडवण्याची आपल्याला सापडलेली अधिक छोटी वाट.

पुरावा गोळा करावा

अँड्रॉइड ११ पासून फोनमध्येच पडदा रेकॉर्ड करण्याची सोय आहे. विंडोजवर विंडोज, आल्ट आणि आर या कळा एकत्र दाबल्या की रेकॉर्डिंग सुरू होते. बिघाडाच्या आधीचे अर्धे मिनिट आणि नंतरचे काही सेकंद पुरतात. वीस मिनिटांचा व्हिडिओ कोणी पाहत नाही. मोठाच पाठवावा लागला, तर बिघाड कोणत्या मिनिटाला आणि सेकंदाला आहे ते लिहावे. आणि व्हिडिओ जोडला म्हणून पायऱ्या लिहिणे टाळू नये.

खेळाची आवृत्ती "लेटेस्ट" अशी कधीही लिहू नये, कारण आजची लेटेस्ट आवृत्ती आठवड्याने जुनी होते. पूर्ण आकडा लिहावा. फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि रॅम लिहावी. संगणकावर स्टीम या खेळ विकत घेण्याच्या आणि चालवण्याच्या ॲपच्या हेल्प मेनूत सिस्टिमची सगळी माहिती एकत्र मिळते; स्टीम नसेल, तर विंडोजमधील 'डीएक्सडायग' (dxdiag) ही सोय तीच माहिती एका फाइलमध्ये साठवून देते. खेळ क्रॅश होत असेल, तर लॉग फाइल, म्हणजे खेळ स्वतःच्या घडामोडी जिथे लिहून ठेवतो ती फाइल, शोधावी. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत 'लॉग्ज' आणि 'क्रॅश-रिपोर्ट्स' अशी दोन फोल्डर असतात, आणि एफ३ कळ दाबली की आपण जगात नेमके कुठे उभे आहोत त्याचे आकडे पडद्यावर येतात. त्यांच्यासोबत जगाचा सीड (ज्यावरून ते जग तयार होते तो आकडा) दिला, तर दुसरा खेळाडू थेट त्याच झाडाखाली येऊन उभा राहू शकतो. मॉड (इतरांनी खेळात केलेले बदल) वापरत असाल, तर ते सगळे काढून मूळ खेळात बिघाड होतो का ते पाहावे. होत नसेल, तर रिपोर्ट मॉड करणाऱ्याकडे पाठवावा.

वेळ लिहिताना आपल्याकडे हमखास घोटाळा होतो. सर्व्हरच्या नोंदी बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असते. रात्री ९:१० वाजता बिघाड झाला, तर तो यूटीसीनुसार १५:४० वाजता झाला. दोन्ही वेळा लिहाव्यात. तारखेत महिना अक्षरात लिहावा. आपण ७/८ लिहिले की अमेरिकेतला वाचक ८ जुलै समजतो आणि भलत्याच दिवसाच्या नोंदी धुंडाळतो.

रिपोर्ट लिहावा

ग्रुपवर नेहमी दिसणारा मजकूर असा असतो : "गेम फालतू झालाय, जिंकूनसुद्धा रिवॉर्ड देत नाही, लवकर फिक्स करा." यातला राग समजू शकतो, पण यातून काहीही करून पाहता येत नाही. तीच गोष्ट अशी लिहावी :

"शीर्षक : सामना चालू असताना वाय-फायवरून मोबाइल डेटावर गेल्यास बक्षीस जमा होत नाही.
पायऱ्या : १) फोनवर वाय-फाय आणि मोबाइल डेटा दोन्ही चालू ठेवा. २) चार जणांच्या संघाचा सामना सुरू करा. ३) सामन्याच्या मध्यात वाय-फाय बंद करा. ४) खेळ पुन्हा जोडला गेल्यावर सामना पूर्ण करा.
अपेक्षा : विजयाचे बक्षीस खात्यात जमा व्हावे.
प्रत्यक्ष : निकालाच्या पडद्यावर बक्षीस दिसते, पण लॉबीत परत आल्यावर खात्यात नसते.
प्रमाण : दहापैकी सात वेळा. मोबाइल डेटा बंद ठेवून नुसते वाय-फाय बंद-चालू केल्यास दहाही वेळा बक्षीस मिळाले.
फोन, आवृत्ती, दिनांक आणि यूटीसी वेळ : सोबत."

शीर्षकात 'बग', 'अर्जंट', 'प्लीज हेल्प' हे शब्द नाहीत, हे लक्षात घ्यावे. काय केल्यावर काय होते, एवढेच आहे. एका रिपोर्टमध्ये एकच बग लिहावा. दोन लिहिले, तर एक दुरुस्त झाल्यावर नोंद बंद होते आणि दुसरा तिच्याबरोबर गाडला जातो. कारणाचा अंदाज असेल तर तो शेवटी, "माझा अंदाज" असे म्हणून लिहावा. पाहिलेले आणि ताडलेले यांची सरमिसळ करू नये.

भाषेचा संकोच बाळगू नये. इंग्रजी येत असेल, तर छोटी वाक्ये लिहावीत. येत नसेल, तर मराठीत नीट लिहून यंत्राने केलेले भाषांतर द्यावे आणि मूळ मराठी मजकूर खाली तसाच ठेवावा. भाषांतरात काही बिघडले, तरी मराठी जाणणारा दुसरा खेळाडू ते सावरू शकतो. मेनूतली नावे मात्र खेळात जशी दिसतात तशीच ठेवावीत.

देवनागरीचे बग : हे आपणच कळवायला हवेत

या प्रकाराला मी मुद्दाम वेगळी जागा देतो आहे, कारण ते आपल्याखेरीज दुसरे कोणी फारसे कळवणार नाही. संघाचे नाव 'रत्नागिरी' असे ठेवले आणि पडद्यावर 'रत्ना' एवढेच उमटून पुढे एक चौकोन किंवा प्रश्नचिन्ह आले, तर काय झाले असेल? 'रत्नागिरी' या शब्दात संगणकाच्या हिशेबाने ९ चिन्हे आहेत : र, त, हलन्ताची खूण, न, काना, ग, ऱ्हस्व वेलांटी, र आणि दीर्घ वेलांटी. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट (साठवणीची छोटी एकके) घेते, म्हणजे नावाला २७ बाइट लागतात. खेळाने "१६ अक्षरे" अशी मर्यादा सांगितली आणि प्रत्यक्षात १६ बाइट मोजले, तर १५ बाइटांत 'रत्ना' बसते आणि सोळावा बाइट 'ग'चा एक तुकडा घेऊन येतो. तो तुकडा म्हणजेच तो चौकोन. इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागत असल्याने तिकडच्या खेळाडूंना हा बग कधी दिसत नाही.

दुसरा नेहमीचा दोष म्हणजे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न दिसता नंतर दिसणे, आणि जोडाक्षर न जुळता हलन्ताची खूण तशीच उघडी पडणे. साठवताना वेलांटीचा क्रम व्यंजनानंतरच असतो. ती डावीकडे सरकवून दाखवणे आणि जोडाक्षर जुळवणे हे अक्षरजुळणीच्या यंत्रणेचे काम असते. ती यंत्रणा खेळात नसेल किंवा बंद असेल, तर सगळी मराठी मोडते.

असा रिपोर्ट वाचणाऱ्याला देवनागरी येत नाही, हे गृहीत धरावे. "नाव चुकीचे दिसते" असे लिहिले, तर त्याला दोन्ही चित्रे सारखीच वाटतील. म्हणून खेळातला स्क्रीनशॉट आणि तोच शब्द ब्राउझरमध्ये बरोबर दिसत असल्याचा स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावावेत, चुकलेल्या जागेभोवती गोल करावा, आणि मूळ शब्द चित्राबरोबर मजकूर म्हणूनही द्यावा, म्हणजे त्याला तो थेट उचलून खेळात टाकता येईल.

काय उघड्यावर लिहू नये

एखाद्या बगमुळे नाणी किंवा वस्तू दुप्पट होत असतील, दुसऱ्याच्या खात्यात शिरता येत असेल किंवा इतरांचे फोन क्रॅश करता येत असतील, तर त्याच्या पायऱ्या चारचौघांत लिहू नयेत. कंपनीच्या खासगी मार्गाने किंवा मॉडरेटरला एकट्याला कळवाव्यात. खात्री करण्यापुरते एकदा करून पाहिले, की थांबावे. मिळालेला फायदा न वापरता रिपोर्टमध्ये सांगून टाकावा, अन्यथा खात्यावर बंदी आल्यास आपली बाजू मांडणे अवघड जाते.

स्वतःची माहितीही सांभाळावी. लॉगमध्ये संगणकावरचे आपले नाव, ईमेल किंवा आयपी पत्ता असू शकतो. पाठवण्यापूर्वी फाइल उघडून तो भाग झाकावा. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांतून निघणाऱ्या पूर्ण रिपोर्टमध्ये फोनची पुष्कळ खासगी माहिती असते, तो सर्वांना दिसेल असा कधीही टाकू नये. रेकॉर्डिंग करताना वरून खाली येणाऱ्या सूचना बंद ठेवाव्यात. पासवर्ड किंवा ओटीपी मागणारा माणूस कंपनीचा नसतो.

पाठवल्यानंतर

रिपोर्टवर काही दिवसांत एखादी खूण लागते. 'डुप्लिकेट' म्हणजे मूळ नोंद दुसरीकडे आहे, तिकडे लक्ष ठेवावे. 'अधिक माहिती हवी' असे आले, तर लवकर उत्तर द्यावे, कारण अनेक ठिकाणी उत्तर न आलेल्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर बंद होतात. वादळपावसात चार-पाच दिवस संपर्क तुटण्याची शक्यता असेल, तर तसे आधीच एका ओळीत कळवून ठेवावे. 'घडवता आले नाही' असा शेरा आला, तर अपमान वाटून घेऊ नये. त्यांच्याकडे आणि आपल्याकडे काय वेगळे आहे, ते शोधावे : जुना फोन, भरलेली मेमरी, फोनची भाषा मराठी असणे, मंद जोडणी. 'ठरल्याप्रमाणेच चालते' असे उत्तर आले आणि ते पटले नाही, तर तीच नोंद पुन्हा उघडून वाद घालण्यापेक्षा सूचना म्हणून नव्याने मांडावे.

दुरुस्तीचा पॅच आल्यावर त्याच फोनवर, त्याच पायऱ्यांनी पुन्हा करून पाहावे आणि निकाल त्याच नोंदीखाली नव्या आवृत्तीच्या आकड्यासह लिहावा. बिघाड गेला असेल, तर तेही लिहावे. कचेरीतल्या वेगवान वाय-फायवर दुरुस्त झालेला बग आपल्या पडवीतल्या दोन दांड्यांच्या नेटवर्कवरही दुरुस्त झाला की नाही, हे त्यांना आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही.